चार नंबरची पिन

महदिया, ७ मे

मौल्दी मामा,

फोन उचलायचाच नसेल तर माणसाने नंबर ठेवावा कशाला? अकरा वेळा लावला. अकराव्या वेळी कोणीतरी इटालियन बाई बोलली, ती पण रेकॉर्डिंगची. म्हणून पत्र. पत्ता आईने दिला, बाबांना सांगू नको म्हणाली. दोन दिवसांनी तोच पत्ता बाबांनी दिला, आईला सांगू नको म्हणाले. या घरात मी वेडी होणार आहे.

मुद्द्यावर येते. ‘हलीमा’चं इंजिन गेलं. पौर्णिमेच्या आधीची शेवटची खेप होती. बंदराच्या तोंडाशी ठाण ठाण करायला लागलं आणि बाबांनी बंद केलं. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. बाबा धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “सासूचं नाव दिलं बोटीला, कुरकुरणारच!” सगळे हसले, आई सोडून.

काल मी आणि दोन खलाशांनी खालचं ऑइलचं पात्र उघडलं. (हो, मी. डिप्लोमा झाला माझा. तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू फोन उचलत नाहीस.) कनेक्टिंग रॉडच्या सहाही टोप्या काढल्या. पाच ठिकाणी बेअरिंग बऱ्यापैकी. चार नंबरला बघते तर बेअरिंगच्या मागे पितळेचा पत्रा, त्याच्या मागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी! ती चांदी सरकून तेलाचं भोक अर्धं बंद झालेलं. पिनेवर चरे असे की नख अडकतं.

“बाबा, हे काय आहे?”

“चांदी.”

“ते दिसतंय मला. कोणी घातली?”

“मी घातली. चार वर्षं चालवली त्या चांदीवर, अर्ध्या वेगात. तुझ्या मामाने चार नंबर घासून घासून काडी केली होती, मग मी काय घालणार होतो, गादी?”

मामा, मी मायक्रोमीटर लावला. पाच पिना ८४.५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मूळ ८५ वरून पन्नास शतांश उतरवलेल्या, पन्नासच्या मापात. चार नंबर एका बाजूने ८४.१९, दुसऱ्या बाजूने ८४.११. झीज धरली तरी तू ती पन्नासला घासलेली नव्हतीसच. जास्त गेलास. मला तूच शिकवलंस ना, पिन जेवढी बारीक तेवढं बेअरिंग जाड, आणि दोघांची जोडी चुकली की इंजिन त्याच दिवशी मेलेलं असतं, फक्त आपल्याला उशिरा कळतं. मग तूच कसं चुकलास? आणि चुकलास तर चुकलास, पळून समुद्रापलीकडे इटलीत, मझारा बंदरात जाऊन कशाला बसलास? चार वर्षं बाबा कॉफीहाऊसमध्ये तुला खाटीक म्हणतायत. मला ते ऐकून घ्यावं लागतं, कारण बोलायला माझ्याकडे काही नाही.

एवढंच सांग: चार नंबर नक्की कितीला घासली होतीस? एक आकडा. पोस्टकार्डवर मावेल.

रिहाब

महदिया, १० मे

मामा,

तुझं उत्तर एवढ्यात येणार नाही माहितीये, पण मला थांबवत नाही.

क्रँकशाफ्ट बाहेर काढला. सहा जणांनी उचलला, आठ जणांनी सल्ले दिले. तुझ्या वर्कशॉपमध्ये नेला. (चावी आईकडेच असते. ग्राइंडिंग मशीनवर तिने जुनी चादर टाकलीये आणि दर शुक्रवारी ती झटकते. शाफ्ट ग्राइंड करता येत नाही तिला, चादर झटकता येते.) रॉकेलने धुतला आणि पिनांच्या शेजारच्या जाड भागावर तुझे ठोकलेले आकडे दिसले. काळ्या चिकट्याखाली होते. कोणी कधी पुसून बघितलेच नव्हते.

५०, ५०, ५०, ७५, ५०, ५०. आणि शेवटी तुझी खूण, तो छोटा मासा.

म्हणजे तुला माहीत होतं! चुकून जास्त घासली नव्हतीस. चार नंबर आधीच खराब होती, म्हणून ती एकटी पंच्याहत्तरला नेलीस आणि बाकीच्या पाच वाचवल्यास. बरोबर? मग चारला पंच्याहत्तरचं बेअरिंग लागणार होतं आणि कोणीतरी पन्नासचं घातलं. मग तू बोलला का नाहीस? बाबांना शाफ्टपाशी आणून दाखवायचं, की हे बघ, वाच!

मी बाबांना आणून दाखवलं. बाबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

“सात आहे की एक आहे?”

“सात आहे, बाबा.”

“मौल्दीचे आकडे कोंबडीच्या पायासारखे. पुरावा म्हणून चालत नाहीत.” आणि चहा प्यायला गेले. पण जाताना त्या आकड्यावरून अंगठा फिरवला, मी बघितलं.

आता ऐक, मला तुझी गरज आहे. चार नंबरचे चरे काढायचे तर शंभरला न्यावी लागणार. शंभर म्हणजे शेवटचं माप, त्यापुढे बेअरिंगच मिळत नाही. एकदा चुकली की शाफ्ट भंगारात. आणि या इंजिनाचा दुसरा शाफ्ट कुठे मिळत नाही, मी ट्यूनिसपर्यंत विचारलं. स्फॅक्सच्या मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी हात जोडले. म्हणाले, “मॅडम, एवढ्या जुन्या शाफ्टला शंभर? आम्ही नाही. याचं दिवाणखान्यात शोपीस करा.”

म्हणून मी करणार. तुझ्याच मशीनवर. ट्रॅक्टरचे दोन शाफ्ट केलेत मी, दोन्ही चालू आहेत. पण दोन गोष्टी नाहीत. एक, शंभरचं बेअरिंग. इथे कोणाकडे नाही, तुमच्या तिथे असेल कदाचित. दुसरी, तुझा तो सार्डिनच्या डब्याचा पत्रा, पिनेच्या कोपऱ्याची गोलाई तपासायचा. कोपरा काटकोनात राहिला तर शाफ्ट तिथेच तुटतो, हे मला पाठ आहे. पण ती गोलाई किती, ते तुझ्या पत्र्यालाच माहीत. सगळे ड्रॉवर उपसले. तीन गंजलेली ब्लेडं, एक बडीशेपेची पुडी आणि माझा चौथीचा फोटो मिळाला.

पुढच्या पौर्णिमेची सुटी संपते १० जूनला. तोपर्यंत इंजिन सुरू झालं नाही तर आठही खलाशी दुसऱ्या बोटींवर जाणार. त्यांनी तसं सांगितलंय, शरमून, पण सांगितलंय. चांद उतरून रात्री अंधाऱ्या झाल्या की त्यांना दिव्यांवर मासे ओढायला समुद्रात जायचंय, आमच्या इंजिनाचं दुःख करत बसायचं नाहीये. खलाशी गेले की उन्हाळा गेला. मग बाबा बोट विकणार. आई म्हणते, नाही विकणार. म्हणजे विकणारच.

रिहाब

महदिया, २० मे

मामा,

अजून काहीच नाही तुझ्याकडून. पोस्टमनला मी इतक्यांदा अडवलं की आता तो गल्ली बदलून जातो.

काल स्फॅक्सला गेले होते, स्पेअर पार्टवाल्या तौफीककडे. चार वर्षांपूर्वीची बेअरिंगं त्याच्याकडूनच आली होती. म्हटलं, चूक कोणाची ते तरी कळू दे. त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नाही, पण प्रत्येक चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवलेली असते. वाद झाला की खिळाच उचलून समोर ठेवतो.

“हलीमा बोट? महदियाची?” तो म्हणाला. “पोरी, त्या चिठ्ठीवरून मला दोनदा शिव्या पडल्यात. सहाच्या सहा पन्नास, असं लिहिलेलं. मी सहाच्या सहा पन्नास दिली. माझी काय चूक?”

“चिठ्ठी आहे का?”

“होती. तुझा मामा आला होता, चार वर्षांपूर्वी बोट अशीच ओढून आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भांडायच्या तयारीनेच आला होता, बाह्या वर करून. मी चिठ्ठी समोर धरली. वाचली, परत वाचली. मग इथे या डब्यावर बसला. मी म्हटलं, पाणी देऊ का? म्हणाला, नको, ही चिठ्ठी दे. खिशात घातली आणि गेला. माझा खिळ्यावरचा कागद कोणी नेलेला मला चालत नाही, पण त्याचं तोंड बघून बोललो नाही.”

म्हणजे तू मापं बरोबर दिलीस, चिठ्ठीत चुकीची गेली. शाफ्ट घासून झाला त्याच दिवशी तू कोणाच्या तरी लग्नाला कसूर एस्साफ गावी गेलास. बेअरिंगं तुझ्या मागे आली आणि चांद उतरत होता म्हणून बाबांनी तुझी वाट न बघता बसवून टाकली. तू परत आलास तेव्हा बोट समुद्रात. ते आता मला कळलं. चिठ्ठी कोणाच्या हातची होती ते काही तौफीकला आठवत नाही. बाबांनीच लिहिली असेल घाईत.

पण मामा, तू गावात परत येऊन कॉफीहाऊसमध्ये उभा राहून म्हणालास, “चूक माझी.” का? कोणासाठी? बाबांसाठी? बाबांनी तुला कधी एक कप कॉफी पाजली नाही!

रिहाब

महदिया, २१ मे

मामा,

काल मी खोटं लिहिलं. पत्र सकाळीच पेटीत टाकलं, नाहीतर फाडलं असतं.

तौफीकला आठवत होतं. तो म्हणाला, “हिरव्या शाईतली चिठ्ठी. छान गोल अक्षर, शाळेतल्या मुलीसारखं. म्हणून तर लक्षात राहिली, नाहीतर माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे ग्रीसमध्ये बुडवलेल्या.”

हिरवं पेन माझं होतं. सोळा वर्षांची होते, सगळं हिरव्याने लिहायचे, गणितसुद्धा. तुझं अक्षर कोणाला लागायचं नाही, म्हणून वर्कशॉपच्या चिठ्ठ्या शाळा सुटल्यावर मी लिहायचे. त्या दिवशी तू लग्नाचा शर्ट घालत घालत सांगितलंस, “एक, दोन, तीन, पाच, सहा पन्नास. चार पंच्याहत्तर.” आणि मी नुकतंच ते जाडं पुस्तक वाचलं होतं, फ्रेंचमधलं. त्यात लिहिलं होतं की एका शाफ्टच्या सगळ्या पिना एकाच मापाच्या असाव्यात. मला वाटलं, मामा घाईत आहे, चुकून बोलला. विचारायचं, तर तू आरशासमोर कॉलरशी भांडत होतास. म्हणून मी सुधारलं. तुझी चूक मी सुधारली, मामा! सहाही पन्नास. खाली रेघ पण मारली, हिरवी.

हे मला आठवत होतं. म्हणजे नव्हतं. म्हणजे बोट ओढून आणली तोवर मी शिकायला मोनास्तीरला हॉस्टेलवर गेले होते. फोनवर आई म्हणाली, मामाने चार नंबर जास्त घासला. तेव्हा ती हिरवी रेघ डोळ्यांसमोर आली होती. मी म्हटलं, परीक्षा आहे, आणि पुस्तक उघडलं. आणि मग चार वर्षं मी तिच्याकडे बघितलंच नाही.

तू त्या डब्यावर बसून माझं अक्षर ओळखलंस.

मला तुझा इतका राग आलाय की सांगता येत नाही. कान धरायचास! ओरडायचंस! एक दिवस रडले असते आणि सगळं संपलं असतं. बाबा माझं शिक्षण बंद करतील असं वाटलं तुला? बाबा तेव्हा म्हणतच होते, पोरीला वर्कशॉपमध्ये कशाला घेतोस म्हणून. ते वाटलं असेल तर बरोबरच वाटलं, हे लिहिताना कळतंय मला. पण म्हणून चार वर्षं? परक्या देशात, परक्या बोटीच्या इंजिनखान्यात, एका रेघेपायी?

बाबांना अजून सांगितलं नाहीये. सांगणार आहे. तू घाई करू नकोस.

रिहाब

महदिया, २४ मे

मामा,

सांगितलं.

बाबा जाळं शिवत होते. मी समोर बसले आणि सगळं एका दमात बोलले, हिरवी शाई, पुस्तक, रेघ. बाबांची सुई थांबली नाही. संपल्यावर म्हणाले, “सोळा वर्षांची होतीस.”

“हो.”

“मी पंचावन्नचा होतो.” मग सुईत नवा दोरा ओवला. “बसवताना चार नंबर ढिला लागला होता मला. हाताला कळलं होतं. म्हटलं, चालेल, चांद उतरतोय. मौल्दी असता तर हात धरला असता माझा.”

मग सुई खोचून उठले आणि सरळ कॉफीहाऊसकडे. मी मागे. बायकांना आत जाता येत नाही, म्हणून दारातच उभी राहिले. बाबा मधोमध उभे राहिले, पत्त्यांचा डाव थांबवला आणि त्यांच्या धक्क्यावरच्या आवाजात म्हणाले, “मौल्दीचं माप बरोबर होतं! चिठ्ठी माझ्या घरात चुकली. बेअरिंग मी ढिलं बसवलं. आणि खाटीक मी म्हणालो, ते परत घेतो.”

मग कोपऱ्यातून म्हातारा सालेम म्हणाला, “अरे फरजानी, मग चार वर्षं आम्ही कोणाला शिव्या देत होतो?”

“मला द्या आता.”

“तुला तर देतोच रोज. नवीन माणूस सांग!”

मग हसले सगळे. बाबा नाही हसले. मग आम्ही घरी आलो. दारात फक्त म्हणाले, “त्याला लिही. माझ्याकडून काही लिहू नकोस, पण लिही.” आता यातून मी काय लिहायचं ते तूच सांग. तुमच्या दोघांच्या मधे बसून माझं बेअरिंग झालंय.

शंभरचं बेअरिंग अजून मिळालेलं नाही. खलाशी रोज विचारतात. मी रोज म्हणते, येतंय.

रिहाब

महदिया, ४ जून

मामा,

काल तिकडे ये-जा करणारा गावचा हमादी पलेर्मोच्या फेरीबोटीने आला आणि थेट आमच्या दारात. म्हणाला, “तुझ्या मामाने दिलंय. मझारा, त्रापानी, पलेर्मो, सगळीकडचे भंगारवाले पालथे घातले त्याने. आणि वाटेत मी कुठे कुठे थांबलो ते विचारू नकोस.” वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. आत शंभरच्या बेअरिंगची एक जोडी, जुनी, पण कधीच न वापरलेली. त्यात खोचलेला सार्डिनच्या डब्याचा पत्रा. म्हणजे तो तू बरोबर नेला होतास! चार वर्षं मासळीच्या बोटीवर, आणि खिशात हे!

आणि चिठ्ठी. तुझ्या कोंबडीच्या पायांत. मला वाचायला पाच मिनिटं लागली.

“१, २, ३, ५, ६ – ५०. ४ – १००. बदलू नकोस.”

खाली तारीख होती. २० मे. माझं कबुलीचं पत्र मी २१ ला टाकलं. म्हणजे ते तुला मिळायच्या कितीतरी आधी, तुझ्या एवढ्याशा चिठ्ठीत माझी सगळी चूक दोन शब्दांत बसली होती, आणि त्यावर तू एक शब्दही जास्त लिहिला नव्हतास.

मी ती आईला दाखवली. आई म्हणाली, “बघ, बोलला शेवटी.” आणि चादर झटकायला गेली, तेही रविवारी.

आज सकाळपासून ग्राइंडिंग. बाबा दाराशी स्टूल टाकून बसले. लुडबुड करणार नाही म्हणाले आणि दर दहा मिनिटांनी, “किती?”

“८४.१४.”

“किती?”

“बाबा, घासू द्या!”

शेवटचे पाच शतांश उरले. मी मशीन थांबवलं, बाहेर जाऊन पाणी प्यायले. बाबांनी या वेळी विचारलं नाही. परत आले, चाक अगदी हलकं लावलं, इतकं की ठिणगी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. मोजलं. ८४.००. चार ठिकाणी मोजलं, चारही ठिकाणी ८४.००. कोपऱ्याला तुझा पत्रा लावून दिव्यासमोर धरला. कुठेच उजेड दिसला नाही.

रिहाब

महदिया, ९ जून

मामा,

आज दुपारी इंजिन सुरू झालं. चार नंबरला पितळ नाही, चांदी नाही. बसवताना मेणाचा दोरा घालून ढिलेपणा मोजला, आठ शतांश, हवा तेवढाच. (दोरा बघून बाबा म्हणाले, “वाढदिवस आहे का कोणाचा?”) आधी बाबांनी हळू चालवलं, सवयीने. मी म्हटलं, पूर्ण वेगात न्या. त्यांचा हात लीव्हरवरच राहिला. मी परत म्हटलं. मग नेलं. ‘हलीमा’ नुसती गुरगुरत होती, एका सुरात. आठही खलाशी चढले. उद्या दिवे भरून निघतील.

शाफ्ट बसवण्याआधी चार नंबरच्या शेजारी तुझ्या ७५ वर मी आडवी रेघ मारली आणि खाली १०० ठोकलं. शेवटी खूण मारायची म्हणून हातोडी उचलली, आणि लक्षात आलं की माझी स्वतःची खूण नाहीच. तुझ्या माशाशेजारी जागा आहे. बाबांना विचारलं, काय मारू? ते म्हणाले, “मौल्दीला विचार. त्याचं वर्कशॉप आहे.”

वेळ नव्हता, म्हणून तशीच रिकामी सोडली. आता इंजिन परत जोडून झालं, ती जागा आत गेली. पुढच्या वेळी उघडेल तेव्हा चार नंबरवर घासायला काही उरलेलं नसेल, पण खूण मारता येईल. तोपर्यंत काय मारायचं ते ठरव. फोनवर सांग, नाहीतर येऊन सांग.

बाबांनी आत्ताच डोकावून विचारलं, “काय लिहितेस एवढं?” म्हटलं, तुम्ही काही लिहू नको म्हणाला होतात, तेच लिहितेय. ते म्हणाले, “मग हेही लिहू नकोस, की कॉफी मी पाजीन.”

लिहिलं नाही.

रिहाब